दिदीच्या मैत्रिणीचं हळदीकुंकू

रविवार, १८ जानेवारी. हजर: मी, माझी धाकटी जाऊ, आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या कोळीणमावशी आणि दिदी. येणार: कळव्याहून एक पाहुणी आणि तिची सासू. गैरहजर: आमचे हे. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांनी दुपारभर बाहेर राहायचं असा माझा नियम आहे आणि तो त्यांना फारच आवडलेला दिसतो.

डोंबिवली पूर्वेला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. तळमजल्याचा गाळा, पुढे काउंटर, मागे शेगड्या. भाज्या जाऊकडे, पोळ्या मावशी आणि दिदीकडे, आणि सामान, माणसं, फोन, तक्रारी माझ्याकडे. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आम्ही दरवर्षी गिऱ्हाईक बायकांसाठी हळदीकुंकू करतो. यंदाही केलं. पण ते शनिवारी. रविवारचं हे दुसरं हळदीकुंकू फक्त कळव्याच्या पाहुणीसाठी होतं, आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं.

कारण सांगायचं तर आधी दिदीबद्दल सांगायला हवं.

दिदी मूळची नेपाळची, पश्चिमेकडच्या डोंगरातली. नवरा मानपाड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. ती आमच्याकडे आली तेव्हा मराठीतले दोनच शब्द येत होते, 'हो' आणि 'झालं'. कामाला तेवढे पुरतात. पोळी अशी भरभर लाटायची की मावशींसारख्या मुरलेल्या बाईनेही एकदा लाटणं खाली ठेवून बघितलं. जेवायची पटकन, कुठेही पाठ टेकून झोपायची, आणि हाक मारली की उठून उभी. आम्हाला वाटायचं, गरिबीची सवय असेल.

मग एका सकाळी कुकरचा व्हॉल्व्ह उडाला. मोठा आवाज झाला, वरणाचं कारंजं छताला लागलं. मी आणि जाऊ किंचाळत दारात पळालो. वळून बघते तर दिदी टेबलाखाली पालथी, आणि तिने मावशींना मानगुटीला धरून शेजारी पालथं पाडलेलं.

"काय गो, मना मारतेस काय?" मावशी खालून ओरडत होत्या. "वरण हाय ता, वरण!"

दिदी उठली, हात झटकले आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "सॉरी मावशी. जुनी आदत."

कसली आदत, ते तिने त्या दिवशी छत पुसून झाल्यावर चहाबरोबर सांगितलं. नेपाळात दहा वर्षं आपसांतली लढाई चालली होती, एका बाजूला राजाची फौज आणि दुसऱ्या बाजूला डोंगरातले बंडवाले. दिदी त्या बंडवाल्यांत होती. पंधरा वर्षांची असताना गेली.

"ओढून नेली तुला?" जाऊने विचारलं.

"नाही. मी स्वतः गेले." हे ती दर वेळी ठासून सांगते. शाळेच्या पटांगणात त्यांचं नाच-गाण्याचं पथक आलं होतं. केस कापलेल्या मुली मुलांच्या बरोबरीने नाचत होत्या, नंतर मुलांच्याच पंगतीत बसून जेवत होत्या. "माझी आई कधी बापाच्या आधी जेवली नाही, ताई. मी बोलले, हे चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी गवत कापायला जाते असं सांगून निघाले."

"मग मिळाली बंदूक?"

"पहिले लाकडाची. शिकायला. मग खरी मिळाली, दोघींत एक."

ती दुसरी, तिची मैत्रीण. दिदीच्या गोष्टींत लढाया फार थोड्या आहेत. जे परत आले नाहीत त्यांचा विषय निघाला की ती परात ओढून कणीक मळायला घेते, आणि आम्हीही मग विचारत नाही. पण मैत्रिणीच्या गोष्टी संपत नसत. दोघींत बंदूक एक, पांघरूण एक आणि धड बूटही एकच जोड. ठरलं होतं की चढावर मैत्रिणीने घालायचे, उतारावर दिदीने. "आणि आमचा कमांडर असा की त्याला सगळीकडे चढच सापडायचा!" मैत्रीण शिखरावर पोचून बूट काढून वाट बघत बसायची, तेवढ्यात हुकूम यायचा की इथेच मुक्काम. एकदा दोघींनी नाचाचा कार्यक्रम एकेका पायात बूट घालून केला. गावकऱ्यांना वाटलं, नाचच तसा आहे. टाळ्या पडल्या.

लढाई थांबली. छावण्यांत मोजणी झाली. लढाई थांबली त्या दिवशी वय अठराच्या आत होतं म्हणून दिदीला यादीतून काढून घरी पाठवलं. मैत्रीण तेव्हा दुसऱ्या छावणीत होती. निरोपही घेता आला नाही. पुढे घरच्यांनी लग्न करून दिलं, नवरा मुंबईकडे आला, त्याच्यामागे ही आली. दिदीच्या नवऱ्याला सगळं ठाऊक आहे. तो म्हणतो, "आमच्याकडे भांडण नाही होत, मी आधीच सरेंडर करतो."

आता आमच्या बैठकीबद्दल. दिदीच्या तुकडीत रोज संध्याकाळी सगळे गोल बसायचे. प्रत्येकाने आधी स्वतःची चूक सांगायची, मग दुसऱ्याची. ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. मला ही पद्धत एकदम पटली. केंद्रात कुरबुरी होत्याच, म्हटलं, आपणही करून बघू. काउंटर बंद झाल्यावर पिठाच्या डब्यांवर गोल बसलो.

मावशींनी सुरुवात केली. "माझी चूक झाली. हिचे भाजीन मीठ कमी व्हता, मी बोलली नाय."

जाऊ म्हणाली, "माझी चूक अशी, की मावशींच्या पोळ्या आठवडाभर जाड येत होत्या आणि मी सहन केलं."

दिदीने कपाळाला हात लावला. "ही चूक सांगणं नाही. हे भांडण आहे!"

तरी बैठक टिकली. वर्षभरात आम्ही बऱ्यापैकी सुधारलो, म्हणजे भांडण पहिल्या पाच मिनिटांत उरकून घ्यायला शिकलो. आणि गेल्या पावसाळ्यात अशाच एका बैठकीत दिदीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझी चूक. मी मैत्रिणीला शोधलं नाही."

मग मावशींनी विचारलं, "का गो?"

"शोधलं नाही तोपर्यंत ती आहे. शोधलं आणि नसली तर?"

मी म्हटलं, असल्या विचाराने कुठलंच काम होत नाही. खडू घेतला आणि कामांच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. नाव काय? दिदीने मान हलवली. नाव नव्हतं. म्हणजे लढाईतलं होतं, खरं नव्हतं. भरती झाल्यावर प्रत्येकाला नवं नाव मिळायचं, आणि खरं नाव, गाव, जात कुणी कुणाला विचारायची नाही असा कडक नियम होता. एक पकडली गेली तर तिच्या तोंडून दुसरीच्या घरचा पत्ता निघू नये म्हणून. दोघी एका पांघरुणात झोपल्या, पण एकमेकींच्या आईबापांची नावं त्यांना माहीत नाहीत.

"मग हाय काय तुज्याकडं?" मावशी म्हणाल्या.

दिदीकडे तीन गोष्टी होत्या. मैत्रीण डोंगरातल्या बायकांच्या मानाने खूप उंच. बोलण्याची ढब पश्चिमेकडची. आणि छर्रा लागून डाव्या कानाची पाळी तुटलेली.

आमचे डबे जिथे जातात तिथल्या बहुतेक फाटकांवर नेपाळी वॉचमन आहेत. त्यांची आपापसांत काय ओळखपाळख असते ते बाहेरच्याला कळत नाही. ठाण्यात कुणाच्या भावाला ताप आला तर डोंबिवलीत आधी कळतं. मी भाग वाटून दिले. शहाडला जाऊचं माहेर, ते तिच्याकडे. कळवा-ठाण्याच्या खाडीकाठी मावशींचे नातेवाईक, ते त्यांच्याकडे. बाकी माझ्याकडे. नियम एकच: लढाईचं नाव काढायचं नाही. दिदीची लांबची बहीण आहे, एवढंच सांगायचं.

हा नियम दिदीने घातला होता. लढाईतून परतलेल्या मुलींबद्दल गावागावांत वाईट बोललं जायचं, जंगलात पुरुषांबरोबर राहून आली म्हणून. लग्नं जमायची नाहीत. पुष्कळजणींनी सासरी सांगितलंच नाही. "तिने सांगितलं नसेल तर? माझ्यामुळे तिचं घर मोडायला नको, ताई. सापडली तर मी पहिले फक्त बघेन. तिने ओळख दिली तर ठीक. नाही दिली तर तिळगूळ द्यायचा आणि जाऊ द्यायचं."

"आणि तुला चालेल ते?"

"नाही चालणार," दिदी म्हणाली. "पण जाऊ देईन."

शोध जोरात चालला. शहाडहून जाऊच्या भावाने एक उंच बाई पक्की केली. तिचा उजवा कान तुटका निघाला आणि ती डेहराडूनची. मानपाड्याच्या एका वॉचमनने स्वतःची बायकोच आणून उभी केली. बुटकी, दोन्ही कान शाबूत. "बहीण नसेल तर नसू द्या, काम तर द्या," म्हणाला. दिलं. ती सध्या गावी गेली आहे, म्हणून वरच्या हजेरीत नाही.

डिसेंबरात ठाण्याच्या एका सोसायटीतल्या वॉचमनचा मला फोन आला. "मॅडम, उंच, लेफ्ट कान कटा हुआ? वो तो मेरी भाभी है. कळवा में रहती है. क्यों पूछ रहे हो?"

मी जागच्या जागी ठोकून दिलं, की केंद्रात पोळ्यांना बायका हव्यात, तिचा हात चांगला आहे असं ऐकलं, संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला बोलावतोय, तिथेच बोलू. त्याने घरचा नंबर दिला. फोन सासूने उचलला. सून दिवसभर कामाला जाते, काय ते मला सांगा, म्हणाली. मी आमंत्रण दिलं. सासूने ते स्वतःसकट स्वीकारलं.

"सासू पण येणार?" दिदीचा चेहरा उतरला.

"येऊ दे की. आणखी एक वाण काढीन."

रविवारची आखणी मी अशी केली. सासूला खुर्ची, जरा लांब. मटार उसळ, पाव, गाजर हलवा. हळदीकुंकू लावायचं काम दिदीला, म्हणजे कान जवळून बघता येईल. जाऊने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं, आणि मी खुणेने सांगायचं, हो की नाही. सासू विधवा आहे असं ऐकल्यावर मावशींनी हळूच विचारलं होतं, तिला कुंकू कसं करायचं. मी म्हटलं, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला लावतो. मावशी स्वतःही विधवाच आहेत. त्यांनी लगेच मान डोलावली.

ठरल्या वेळी रिक्षा थांबली. सासू लहानखुरी, तुरुतुरु चालणारी. मागे सून, दारात वाकून आत येईल इतकी उंच. आणि डोक्याला लोकरी मफलर. कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला. दोन्ही कान आत.

"सर्दी है इसको," सासू म्हणाली.

माझी सगळी आखणी मफलरमध्ये गेली. दिदी तबक घेऊन पुढे झाली. आधी सासूला हळदीकुंकू लावलं, मग सुनेला. दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर होते. मी श्वास रोखून बघत होते. काहीच नाही. दिदीचा चेहरा पाटीसारखा कोरा, पाहुणीचा त्याहून कोरा. दिदीने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, पाहुणीने तो रुमालात बांधला, "धन्यवाद" म्हणाली. बस.

दारातून जाऊ डोळे मोठे करून विचारत होती. मी मानेनेच सांगितलं, नाही. तिने पदर तोंडाला लावला. मला खरंच वाईट वाटलं. दिदी परत आली तेव्हा तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उसळ वाढायला घेतली.

सासू खुर्चीवर जेवायला बसली. आम्ही बाकीच्या सतरंजीवर. मी कामाचं बोलायला सुरुवात केली, कारण तेच कारण सांगून बोलावलं होतं. पगार, वेळ, येणं-जाणं. पाहुणी मान हलवत खात होती. आणि मग मावशींनी मला कोपर मारलं. "बघ गो."

मी वळून बघितलं. दिदी आणि पाहुणी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. कधी बसल्या, कुणी आधी वळलं, कुणालाच कळलं नाही. दिदीचं तोंड रस्त्याकडच्या दाराकडे, पाहुणीचं मागच्या दाराकडे. दोघी ताट हातात उचलून, एकमेकींच्या पाठीला टेकून, भराभर जेवत होत्या. चारी बाजूंना नजर. सतरंजीवर भरपूर जागा होती.

आम्ही सगळ्या त्यांच्याकडेच बघायला लागलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दोघींचे हात ताटावर थांबले. पण पाठ कुणीच हलवली नाही.

सासू नेपाळीत काहीतरी म्हणाली. दिदी आमच्यासाठी भाषांतर करत आली होती, आता ती ताटात बघायला लागली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

सासूने ताट बाजूला ठेवलं आणि आम्हाला समजावं म्हणून हिंदीत सांगितलं. "ये दोनों जंगलवाली हैं. एक इधर देखेगी, एक उधर देखेगी, फिर खाएगी. मैंने कितना खिलाया है ऐसी लड़कियों को!"

त्या वर्षांत तिच्या गावात तुकड्या यायच्या. दारावर थाप पडली की ती उठून चूल पेटवायची आणि मक्याच्या पिठाची उकड, त्यांचा ढिंडो, रटारटा ढवळायची. पोरी अशाच बसायच्या, जोडी-जोडीने, पाठीला पाठ. आणि मग कितीतरी वर्षांनी घरात नवी सून आली. पहिल्या दिवशी जेवायला बसताना ती भिंत शोधून तिला पाठ लावून बसली, ताट हातात उचललं, डोळे दारावर. "उसी दिन समझ गई मैं."

पाहुणीने आयुष्यभर लपवलेली गोष्ट सासूला लग्नाच्या पहिल्या जेवणापासून माहीत होती. पाहुणी हळूहळू वळली. "आमा," म्हणजे आई, एवढंच म्हणाली.

"बोललात का नाही कधी?" मी सासूला विचारलं.

"तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही," सासूचं उत्तर दिदीने आता मराठीत करून सांगितलं. "बिचारी घाबरली असती. आणि माझा ढिंडो तिने पहिल्याच दिवशी आवडीने खाल्ला होता, मला काय हवं आणखी?"

मग जे झालं त्याची नीट नोंद माझ्याकडे नाही. पाहुणीने मफलर ओढून काढला. डाव्या कानाची पाळी अर्धी. दिदीने तिच्या खांद्यावर दोन्ही मुठींनी दणके घातले, पाहुणीने दिदीला उचललंच, जमिनीपासून वर. दोघी एकदम बोलत होत्या, हसत होत्या, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. दारातच ओळखलं होतं, दोघींनी. तबक धरलेला हात बघूनच पाहुणीला कळलं होतं. पण सासू समोर, म्हणून चेहरा बंद. दिदीने तिचा चेहरा बंद बघितला आणि ठरवलं, हिला ओळख द्यायची नाही, जाऊ द्यायचं. दोघीही शिकल्या होत्या त्या शाळेत चेहरा बंद करायला चांगलंच शिकवलं होतं.

"आणि तुम्ही मला नाही म्हणालात!" जाऊ माझ्यावर ओरडली. "मी तिकडे रडत कोशिंबीर करत होते. कोशिंबीर ठरली पण नव्हती!"

सासूने टाळी वाजवून फर्मान काढलं, नाचून दाखवा. या वयात, भरल्या पोटी, दोघी सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवून नाचल्या. कसली तरी डोंगरातली चाल होती, एक पाय आपटायचा, गिरकी घ्यायची, हात आभाळाकडे. मावशींना बसवेना. त्यांनी पदर खोचला आणि कोळीनाचाची पावलं त्यात घुसवली. चाल वेगळी, ठेका वेगळा, तरी जमून गेलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय गं, लग्न आहे का?"

"हो!" जाऊ म्हणाली. "बसा, वाढते."

संध्याकाळी चहा झाला. पाहुणीचं नाव मी पहिल्यांदाच नीट विचारलं, कारण आधीचं काम सोडून ती सोमवारपासून आमच्याकडे कामाला येणार होती. तिने खरं नाव सांगितलं. ते दिदीलाही नवीन होतं. दिदीने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि जुन्याच नावाने हाक मारली.

सगळं छान चाललं असताना सासूने कप खाली ठेवला आणि एकदम गंभीर झाली. मुलाला माहीत नाही, म्हणाली. त्याला कोण सांगणार?

मला वाटलं, त्यात काय, आईनेच सांगावं. पण ते तेवढं सोपं नव्हतं. लढाईच्या दिवसांत फौजही तरुण पोरांना उचलायची आणि बंडवालेही. म्हणून हा मुलगा एका पहाटे पळाला आणि थेट इकडे आला, हॉटेलात भांडी घासली, आता कळव्याच्या एका हॉटेलात कूक आहे. दोन्ही बाजूंना शिव्या घालतो. सासू म्हणाली, बायको लढाईत होती याचा त्याला राग येणार नाही. पण आपण पळालो आणि ती राहिली, हे त्याच्या मनाला लागेल. ते नीट सांगायला हवं, घरातल्या माणसाने सांगितलं तर भांडण समजेल.

"मी नाही सांगणार," पाहुणी म्हणाली.

"मी तर अजिबात नाही," दिदी म्हणाली.

मावशी म्हणाल्या, "मी सांगंन."

"नको!" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं आणि इतर कामांच्या खाली लिहिलं: कळव्याच्या पाहुणीच्या नवऱ्याशी बोलणे. जबाबदारी: मी.

त्यानंतर तो दोनदा बायकोला न्यायला केंद्रावर येऊन गेला. सरळ, हसरा माणूस आहे. पहिल्या वेळी मी त्याला चहा दिला, घसा साफ केला आणि त्याच्या हॉटेलात कांदा काय भावाने येतो ते विचारलं. दुसऱ्या वेळी त्याने आपण होऊन सांगितलं, की बायको हल्ली घरी गाणी म्हणते, पूर्वी कधी म्हणायची नाही. मी म्हटलं, "हो का?" आत दिदी आणि त्याची बायको पोळ्या लाटता लाटता कान टवकारून उभ्या होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काउंटरवर गिऱ्हाईक आलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्याकडे फारच तत्परतेने गेले. फळ्यावरची बाकीची कामं पुसून झाली आहेत. एवढं एक तसंच आहे.